जुहूहून राजगडापर्यंत: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं: घरच्या सिम्युलेटरवर अलीकडे कुठे उडालात, काय पाहिलंत आणि कुठे अडलात? आलेली बहुतेक पत्रं मुंबई, कोकण किनारा आणि सह्याद्रीबद्दलची आहेत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत ‘मैल’ म्हणजे नॉटिकल मैल, आणि ‘नॉट’ म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. मुंबईच्या आसपास खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत जेमतेम फरक आहे, त्यामुळे इथे दिलेल्या दिशा तशाच होकायंत्रावर धरल्या तरी चालतं.

प्रश्न (गिरगाव): जुहूहून सेसना १७२ हे छोटं एका इंजिनाचं विमान घेऊन तीन हजार फुटांवरून मुंबई पाहिली. सगळीकडे करडे ठिपके, काहीच ओळखू येईना. नरिमन पॉइंटसुद्धा कुठे गेला कळलं नाही. ग्राफिक्स कार्ड बदलावं लागेल का?

उत्तर: कार्डाला हात लावू नका. आधी उंची, बाजू आणि वेळ बदलून पाहा.

तीन हजार फुटांवरून शहराचा नकाशा दिसतो, शहर दिसत नाही. मुंबई बघायची तर समुद्रावरून, किनाऱ्यापासून अर्धा मैल बाहेर राहून, हजार ते दीड हजार फुटांवरून. वरळी-परळ पट्ट्यात मात्र दीड हजाराच्या खाली येऊ नका. लोअर परळचं वर्ल्ड वन एकटंच २८० मीटर, म्हणजे ९१९ फूट उंच आहे, आणि उपग्रहाच्या चित्रावरून सिम स्वतः उभ्या करतं त्या इमारतींची उंची कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त निघते.

आता बाजू. वैमानिक डावीकडे बसतो, त्यामुळे बघायची गोष्ट कायम डावीकडे हवी. मुंबईला घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारली की शहर शेवटपर्यंत डाव्या खिडकीत राहतं. जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून (क्रमांक म्हणजे दिशेचे अंश भागिले दहा) समुद्राकडे उडा, ५०० फुटांवर डावीकडे वळा आणि किनारा धरून दक्षिणेला निघा. माहीमची खाडी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, हाजी अली, मलबार हिलचं टोक आणि मग मरीन ड्राइव्हची कमान अशा क्रमाने खुणा येतात. कोस्टल रोडचा भराव तुमच्या सिममध्ये अर्धवट किंवा गायब असेल तर तो बिघाड नव्हे, उपग्रहाचं चित्र जुनं आहे. कुलाब्याच्या टोकापलीकडे प्राँग्स दीपगृह दिसलं की डावीकडे वळून बंदरात शिरा. गेटवे, गोदी, उजवीकडे लांब घारापुरी, मग शिवडीहून निघणारा अटल सेतू. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) टेकडीपाशी दीड हजारावर राहा, टेकडी सुमारे ३०० मीटर उंच आहे. (खऱ्या विमानांना इथल्या अणुसंशोधन केंद्रावरून उडायला बंदी आहे. सिममध्ये कोणी अडवत नाही, पण सवय म्हणून खाडीच्या पूर्वेच्या काठाने जावं.) ठाण्याच्या खाडीवरून ऐरोलीपर्यंत गेलात की अडीच हजारांवर चढा, कारण पुढे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर साडेचारशे मीटरपर्यंत जातात. तुळशी आणि विहार तलाव डावीकडे ठेवून गोराईला समुद्र गाठा आणि परत जुहू. सगळी फेरी ५५ मैलांच्या आसपास होते. २,१०० ते २,२०० आरपीएम ठेवलं तर वेग ९० नॉटच्या घरात राहतो आणि ४० मिनिटं पुरतात.

वेळ सर्वांत महत्त्वाची. दुपारी बाराला ऊन थेट डोक्यावरून पडतं, इमारतींना सावलीच नसते, म्हणून सगळं सपाट आणि करडं दिसतं. पश्चिम किनाऱ्यासाठी डिसेंबर-जानेवारीतली संध्याकाळी पावणेपाच ते साडेपाच ही वेळ घ्या. त्या वेळी बंदराची बाजू मात्र सावलीत जाते, ती पाहायची तर सकाळी आठ-नऊला वेगळी फेरी मारा. सिमचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणजे संध्याकाळच्या ४:४५ साठी ११:१५ भरायचे. चालू हवामान (त्या क्षणाचं खरं हवामान) बंद ठेवा: हिवाळ्यात मुंबईची खरी दृश्यता धुरक्यामुळे इतकी घसरते की वरळीहून मलबार हिलसुद्धा दिसणार नाही. ‘थोडे ढग’ हे तयार हवामान पुरेसं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. कॉकपिटचा झूम कमी करून जास्तीत जास्त दृश्य बसवायचा मोह होतो. त्याने इमारती लहान आणि लांब दिसतात. झूम मूळ ठिकाणी आणा आणि मान वळवण्यासाठी एक बटण नेमून ठेवा.

प्रश्न (डोंबिवली): ए३२० हे प्रवासी जेट घेऊन पश्चिमेकडून मुंबईच्या ०९ धावपट्टीवर उतरत होतो. धावपट्टी समोर दिसली, उतरलो, आणि विमान टोकाबाहेर गेलं. नंतर कळलं की ते जुहू होतं. हे टाळायचं कसं?

उत्तर: ही चूक खऱ्या वैमानिकांकडूनही झालेली आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. कारण भूगोलात आहे. समुद्रावरून पूर्वेकडे येताना ०९ च्या दोनेक किलोमीटर अलीकडे, किंचित डावीकडे जुहूची ०८ आहे. दिशा जवळपास तीच, आणि डोळ्यांना आधी तीच सापडते.

ओळखायच्या खुणा तीन. जुहूची धावपट्टी ११०० मीटरच्या थोडी वर आहे, मुंबईची मुख्य धावपट्टी ३,४०० मीटरच्या वर. त्यामुळे जुहूची पट्टी आखूड आणि अरुंद दिसली पाहिजे. पण उंचावरून आखूड पट्टी लांबच आहे असं वाटतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. दुसरी खूण उंचीची: तीन अंशांच्या उतारावर अंतर मैलांत मोजून त्याला ३०० ने गुणा, येईल तेवढे फूट उंची हवी. ०९ साठी पाच मैलांवर दीड हजार फूट, आणि जुहूचा किनारा ओलांडताना साडेचारशे ते पाचशे. किनाऱ्यावर तुम्ही शंभर-दीडशे फुटांवर असाल तर तुम्ही जुहूलाच निघाला आहात, लगेच वर जा. तिसरी आणि खात्रीची: फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये ०९ ची अप्रोच (उतरण्याचा आखलेला मार्ग) भरा आणि हवामान कितीही स्वच्छ असलं तरी ती रेष पडद्यावर ठेवा.

तसं पाहिलं तर मुंबईत वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेचा असतो आणि २७ वापरात असते. चालू हवामान लावलं असेल तर ०९ चा हट्ट धरण्याआधी वारा बघा. पाठीमागून १० नॉटच्या वर वारा असेल तर ०९ सोडा.

प्रश्न (ठाणे): युनेस्कोच्या यादीत आलेले मराठा किल्ले सिममध्ये एका मालिकेत पाहायचे आहेत. कोणत्या विमानतळांवरून, किती टप्प्यांत? आणि गेल्या आठवड्यात राजगडाजवळ गेलो तर विमान आपोआप खाली दबत गेलं, ते का?

उत्तर: जुलै २०२५ मध्ये यादीत आलेले बारा किल्ले म्हणजे साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. पहिले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि सेसनाने चार टप्प्यांत होतात.

पहिला टप्पा नाशिकच्या ओझरहून. साल्हेर जवळजवळ सरळ उत्तरेला, ३६ मैलांवर. १,५६७ मीटर, म्हणजे ५,१४१ फूट. ६,५०० फुटांवरून प्रदक्षिणा घाला, मग दक्षिणेला वळून शिवनेरी (९० मैलांच्या थोडं पुढे) आणि तिथून ३७ मैलांवर पुणे. या टप्प्यात शिवनेरीपर्यंत खाली ओळखीच्या खुणा विरळ आहेत, म्हणून दर दहा मिनिटांनी नकाशावर आपली जागा ताडून पाहा.

दुसरा टप्पा छोटा आणि फार सुंदर आहे. पुण्याहून २८७ अंशांवर लोहगड, २६ मैल. विंचूकाटा वरून पाहिला की त्याचं नाव का पडलं ते कळतं. डोंगराची ती लांब, चिंचोळी सोंड वायव्येकडे निघालेली असते, ती सापडली की लोहगड आणि शेजारचा विसापूर यांत गल्लत होत नाही. लोहगडाहून नाक सरळ पश्चिमेला धरा. घाट उतरला की कोकण खाली एकदम पसरतं, आणि ३८ मैलांवर समुद्रात खांदेरी. तिथून उत्तरेला २४ मैलांवर जुहू.

तिसरा टप्पा पुणे, राजगड, रायगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग आणि रत्नागिरी. एकूण १३५ ते १४० मैल, दीड तास धरा. राजगड पुण्याहून २१४ अंशांवर २४ मैल. नियोजनात अक्षांश-रेखांश टाकायचे तर १८.२४६, ७३.६८२. बालेकिल्ला मध्यभागी आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना, हा आकार ५,५०० ते ६,००० फुटांवरून चांगला उमटतो. रायगड तिथून पश्चिमेला १४ मैलांवर आहे पण १,८०० फुटांनी ठेंगणा, त्यामुळे मधली रांग ओलांडल्याशिवाय उंची सोडायची नाही. प्रतापगडहून हर्णैच्या सुवर्णदुर्गाकडे २९ मैल, सतत उतरत.

चौथा टप्पा रत्नागिरीहून दक्षिणेला: २७ मैलांवर विजयदुर्ग, पुढे ३२ मैलांवर सिंधुदुर्ग. चिपीला इंधन घ्या, मग ३४ अंशांवर ५९ मैलांचा पन्हाळा आणि कोल्हापूरला मुक्काम. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, तो जुन्या सिममध्ये नसेल तर विजयदुर्ग-सिंधुदुर्ग करून परत रत्नागिरी गाठा. या टप्प्यात किनारा डावीकडेच राहतो. जिंजीसाठी वेगळं पुद्दुचेरीहून उडा, ३० मैल वायव्येला.

समुद्रातले किल्ले पाहून निराश व्हायची शक्यता आहे हे आधीच सांगतो. सिमचं जमिनीचं मोजमाप ठरावीक अंतरावरच्या बिंदूंवर केलेलं असतं. दोन बिंदूंमध्ये मावणारी तटबंदी त्याला दिसतच नाही, म्हणून तट सपाट होतो, कडे गोलसर होतात आणि कड्यावरचं चित्र ताणलेलं दिसतं. कधी किल्ल्यावर झाडी किंवा आधुनिक घरं उगवतात. यावर उपाय म्हणजे हौशी लोकांनी बनवलेली मोफत दृश्यं, पण उतरवण्याआधी ती तुमच्या सिमच्या आवृत्तीसाठी आहेत का ते वाचा.

आता दबण्याबद्दल. तुम्ही पुण्याहून, म्हणजे पूर्वेकडून गेलात आणि चालू हवामानात पश्चिमेचा वारा असणार. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो आणि रांग ओलांडली की पूर्वेच्या बाजूला खाली कोसळतो. तुम्ही नेमके त्या कोसळणाऱ्या हवेत शिरलात. सहा हजार फुटांवर भरलेल्या १७२ ला मिनिटाला चारशे-पाचशे फुटांपेक्षा जास्त चढता येत नाही, आणि हवा त्याहून वेगाने खाली जात असेल तर थ्रॉटल पूर्ण दिला तरी उंची जातेच. नाक वर ओढलंत तर वेग घटून विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचलच संपेल. त्यामुळे रांगेच्या वर किमान दीड ते दोन हजार फूट ठेवून या, समोरून काटकोनात न येता ४५ अंशांत तिरके या, म्हणजे परत फिरायला थोडंच वळावं लागतं. दबायला लागलं की ७५ नॉट धरून खोल दरीकडे, मोकळ्या जागेकडे वळा. वारा १५ नॉटच्या वर असेल त्या दिवशी फेरी कोकणाच्या बाजूने करावी, तिकडे तोच वारा विमानाला वर उचलतो. इंजिनातलं इंधन-हवेचं मिश्रण तीन हजार फुटांच्या वर पातळ, म्हणजे कमी इंधनाचं, करायला विसरू नका, नाहीतर आहे ती ताकदही मिळत नाही.

प्रश्न (बोरिवली): मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ मध्ये मुंबईवर आलं की चित्र अडखळतं, आणि कधी जमीन पुसट होते. गावाकडे सगळं ठीक चालतं.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

अडखळण्याचं निदान आधी करा. डेव्हलपर मोड चालू करून फ्रेम रेटची पट्टी उघडा. ‘मेनथ्रेडमुळे मर्यादित’ असं दिसलं तर प्रोसेसर दमला आहे. त्यावर टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमिनीचे बारकावे किती लांबपर्यंत दाखवायचे ते) कमी करणं हा पहिला उपाय, २०० वर असेल तर १०० वर आणा. मग रहदारी आणि विमानतळावरची माणसं-गाड्या कमी करा. मुंबईत दर चौरस किलोमीटरला इतक्या इमारती आहेत की हा आकडाच सगळा फरक पाडतो. ‘जीपीयूमुळे मर्यादित’ असेल तर ढग अल्ट्रावरून हाय किंवा मीडियमवर आणा आणि रेंडर स्केल (चित्र किती बारीक रेखायचं ते) थोडं खाली घ्या. शेवटी फ्रेम रेट ३० ला बांधून टाका. ५० वरून २५ वर कोसळणाऱ्या चित्रापेक्षा स्थिर ३० डोळ्याला कितीतरी बरे. मेमरी १६ जीबी असेल तर ३२ करा, कंपनीने २०२४ साठी सुचवलेली मेमरी तेवढीच आहे.

पुसट जमीन हा इंटरनेटचा प्रश्न. हे सिम जमीन चालता चालता खाली उतरवतं. किमान १० एमबीपीएस लागतात आणि ५० सुचवलेले आहेत. रात्री नऊनंतर इमारतीतले सगळे जण ओटीटी बघत असतात, तेव्हा तुमच्या प्लॅनमधला वेग प्रत्यक्षात मिळतो का ते तपासा. वाय-फायऐवजी लॅनची वायर लावा. रोलिंग कॅशे (उतरवलेली जमीन साठवणारी फाइल) एसएसडीवर ठेवा. पुसटपणा मध्येच सुरू झाला असेल तर जुनी कॅशे पुसून नवी करा, ती खराब झाली की असंच होतं. दोन्ही करूनही सुधारलं नाही तर कम्युनिटी फोल्डर (जिथे अ‍ॅड-ऑन टाकतात ते) रिकामं करून पाहा. चाललं तर अ‍ॅड-ऑन निम्मे-निम्मे परत टाकत जा, गुन्हेगार तीन-चार फेऱ्यांत सापडतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आणखी एक कारण असतं: उष्णता. बंद खोलीत ग्राफिक्स कार्ड ८५ अंशांच्या पुढे गेलं की ते स्वतःच वेग कमी करतं. पहिली वीस मिनिटं छान आणि मग अडखळणं, असं असेल तर सेटिंग बदलण्याआधी कॅबिनेटची जाळी पुसा.

प्रश्न (दादर, इयत्ता नववी): बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून जुनी जॉयस्टिक आणून दिली. विमान स्वतःहून डावीकडे झुकतं आणि मध्येच झटका देतं. दुरुस्त होईल का? पेडल नाहीत, ते घ्यायलाच हवेत का?

उत्तर: बहुतेक वेळा होते. आधी सिम बंद ठेवून बघ. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाब, ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप कर, जॉयस्टिक निवडून गुणधर्म उघड. काठीला हात न लावता अधिकचं चिन्ह मधोमध आहे का? बाजूला आहे पण स्थिर आहे, तर फक्त कॅलिब्रेशन बिघडलंय, तिथेच ते नव्याने कर आणि सिममध्ये डेडझोन (मधोमधची, सिमने दुर्लक्ष करायची हालचाल) तीन ते पाच टक्के ठेव. चिन्ह थरथरत असेल किंवा काठी हळू फिरवताना उडी मारत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय किंवा त्यात धूळ-ओल गेली आहे. स्वस्त जॉयस्टिकमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक धातूचं टोक घासत असतं, आणि मुंबईच्या दमट हवेत त्या पट्टीवर थर बसतो. दुकानात ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ माग. गंज सोडवायचा साधा स्प्रे नको, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. यूएसबी काढून, बाबांना सोबत घेऊन तळाचे स्क्रू खोल, पोटेन्शिओमीटरच्या फटीत अगदी थोडा फवारा मार, काठी पन्नासेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरव, अर्धा तास वाळू दे. स्क्रू काढताना आतल्या स्प्रिंगचा फोटो काढून ठेव, ती परत बसवताना लागतो. स्वच्छ करूनही झटके राहिले तर पट्टी झिजलीच आहे. पुढच्या वेळी हॉल सेन्सरवाली (चुंबकाने हालचाल ओळखणारी) घे, तिच्यात घासणारं काही नसतं.

झटका काही मिनिटांनी एकदाच येतो आणि जॉयस्टिक क्षणभर ‘निघाल्याचा’ आवाज होतो, असं असेल तर दोष यूएसबीचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढून टाक आणि वायर हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या मागे लाव.

पेडल आत्ता नको. तुझी काठी पिळली की फिरत असेल तर रडरचं काम तिने होतं. त्या अक्षाची संवेदनशीलता मात्र कमी कर, नाहीतर धावपट्टीवर विमान सापासारखं जाईल. जुनी वस्तू घेताना दुकानातच लॅपटॉपवर ही चाचणी करून घ्यावी, हे बाबांनाही सांग.

प्रश्न (विलेपार्ले): एक्स-प्लेन १२ या सिममध्ये ऑर्थो४एक्सपीने (उपग्रहचित्रांतून जमीन बनवणाऱ्या प्रोग्रामने) मुंबईचा तुकडा बनवला. अर्धी मुंबई खऱ्या फोटोसारखी, आणि परळच्या खाली एकदम जुनंच दृश्य. शिवाय इमारतीही गायब झाल्या.

उत्तर: हे तुकडे एक अंश अक्षांश बाय एक अंश रेखांशाचे असतात, आणि १९ अंशांची रेघ प्रभादेवी आणि लोअर परळ स्टेशनांच्या मधून जाते. तुम्ही उत्तरेचा १९-७२ बनवलात, दक्षिण मुंबई १८-७२ मध्ये येते. लोणावळा, पुणे हवं असेल तर १८-७३ आणि नवी मुंबई, कल्याणसाठी १९-७३ असे एकूण चार. सगळे एकाच पुरवठादाराच्या चित्रांतून करा, नाहीतर रेघेवर रंग बदलतो. झूम लेव्हल १६ ला एक ठिपका सुमारे सव्वादोन मीटर, १७ ला सव्वा मीटरच्या आत. प्रत्येक पायरीला जागा चौपट लागते, म्हणून सगळीकडे १६ आणि फक्त शहरापुरती १७ पुरे.

इमारती गायब होतात कारण ओव्हरले (फोटोवर बसणारे इमारती-रस्त्यांचे थर) बनवलेले नाहीत किंवा क्रम चुकला आहे. सीनरी पॅक्सची आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा: विमानतळ सगळ्यात वर, मग नावाची सुरुवात वायने होते ते ओव्हरलेचं फोल्डर, त्याखाली झेडने सुरू होणारे फोटोचे तुकडे.

प्रश्न (मुलुंड): पावसाळ्याचं चालू हवामान लावलं की उतरताना उंचीमापक ३०० फूट दाखवतो आणि विमान जमिनीवर असतं. असं का?

उत्तर: उंचीमापक १०१३ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबावरच राहिला आहे. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ च्या आसपास असतो आणि एका हेक्टोपास्कलला २७ ते ३० फूट. म्हणजे मापक पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त दाखवणार. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये बी हे अक्षर दाबलं की दाब जुळतो. उतरायला लागण्याआधी, आणि लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाला दाबा.

प्रश्न (शिवाजी पार्क): जे. आर. डी. टाटांचं १९३२ चं पहिलं उड्डाण सिममध्ये करून त्याचा मार्ग आणि फोटो मित्रांना पाठवायचे आहेत. कसं करावं?

उत्तर: १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथ विमानातून टपाल घेऊन ते कराचीच्या द्रिघ रोडवरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. पुढे मद्रासपर्यंतचा प्रवास नेव्हिल विंटसेंट यांनी केला. १९८२ मध्ये, पन्नास वर्षांनी, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी कराची-मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला.

कराची ते अहमदाबाद ११० अंशांवर ३२० मैल. १७२ ला पावणेतीन तास आणि २५ ते २८ गॅलन लागतात, वापरता येणारं इंधन ५३ गॅलन असतं, त्यामुळे टाकी भरून निघालात तर चिंता नाही. वाटेत कच्छचं मोठं रण आहे. तिथे खाली एकही खूण नाही, म्हणून घड्याळ आणि दिशा यांवरच जायचं, जीपीएस बंद ठेवून हे करण्यात खरी मजा आहे. दर १५ मिनिटांनी कागदावर अंदाज लिहा. अहमदाबाद ते जुहू २४० मैल, १७७ अंश. सुरतेपुढे दमण, डहाणू, वसई असा किनारा डाव्या खिडकीत सोबत राहतो, तिथे १,५०० फुटांवर या.

मार्ग पाठवण्यासाठी लिटल नॅव्हमॅप हा मोफत प्रोग्राम घ्या. तो दोन्ही मोठ्या सिमना जोडता येतो (एक्स-प्लेनसाठी त्याच्याबरोबरचं लिटल एक्सपीकनेक्ट प्लगइन टाकावं लागतं), विमानाची वाट रेषेने काढतो आणि तिची जीपीएक्स फाइल देतो. उड्डाण सुरू करण्यापूर्वी जुनी वाट पुसा, नाहीतर मागच्या फेरीची रेष त्यातच मिसळते. प्लॅनची फाइलही सोबत पाठवा, म्हणजे मित्राला तोच प्रवास उडता येईल. फोटोसोबत चार गोष्टी लिहाव्यात: विमान, उंची, सिममधली तारीख-वेळ आणि हवामान. एवढं असलं की दुसरा माणूस तेच दृश्य स्वतःच्या पडद्यावर पाहू शकतो. फोटो काढताना अ‍ॅक्टिव्ह पॉज (विमान हवेत जागच्या जागी थांबवणारी सोय) वापरा, ड्रोन कॅमेरा विमानाच्या किंचित वर आणि मागे न्या, आणि माहितीच्या पट्ट्या बंद करा. स्टीमवरून सिम घेतलं असेल तर एफ१२, नाहीतर विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन.

प्रश्न (वाशी): घरच्या सिमचे तास वैमानिक परवान्यासाठी धरतात का?

उत्तर: नाही. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण उपकरणावर, मान्यताप्राप्त संस्थेत केलेले तासच मोजले जातात. घरी चेकलिस्टचा क्रम, रेडिओवरची वाक्यं आणि उपकरणांचं वाचन पक्कं होतं, त्याचा पुढे उपयोग होतो. एक सवय मात्र मोडावी लागते. घरी नजर सतत उपकरणांवर खिळते आणि खऱ्या विमानात ती बहुतेक वेळ बाहेर हवी. त्यासाठी १७२ चा स्पीड आणि उंचीमापक झाकून, फक्त क्षितिज आणि इंजिनाचा आवाज यांवर जुहूच्या चौकोनी फेऱ्या मारा.